पोपटाचा डोळा राहू द्या
(दादरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘बाण सोडावा कसा’. त्याकडे येतोच, पण आधी त्या पोपटाचा निकाल लावू. धनुर्विद्येवर दोन शब्द बोला म्हटलं की अर्जुन आणि पोपटाचा डोळा हजर! आदिपर्व काढून बघा. तिथे पोपट नाही, भास पक्षी आहे. तोही कारागिरांनी घडवलेला, झाडाच्या शेंड्यावर बसवलेला. आणि अर्जुन म्हणतो, मला त्याचं डोकं दिसतंय. डोळा आपण घातला. (हशा)

त्या गोष्टीवर आपण एकाग्रतेचं कीर्तन लावतो आणि धनुर्धराच्या कामाचं तेवढंच सोडून देतो. अर्जुनासाठी तिथे शब्द आहे ‘मण्डलीकृतकार्मुकः’, म्हणजे धनुष्य ताणून गोल केलेला. तसा तो उभा राहतो, थोडा वेळ जातो, मग द्रोण विचारतात: पक्षी दिसतो? झाड दिसतं? मी दिसतो? म्हणजे दोरी पूर्ण ओढलेली आणि तोंडी परीक्षा चालू! हे ज्याला जमतं, त्याचं धनुष्य त्याला पेलतंय.

आपल्याकडे पोरगं महिन्याभरात 40 पौंडांचं धनुष्य मागतं. हे वजन धनुष्याचं नाही, दोरी पूर्ण ओढून धरायला लागणाऱ्या जोराचं. 40 पौंड म्हणजे 18 किलो, तेही तीन बोटांवर. शिवाय धनुष्यावर लिहिलेलं वजन साधारणपणे 28 इंच ओढीचं असतं. हात लांब असले तर दर इंचाला दोन-अडीच पौंडांची भर पडते. मग पुढचा खांदा कानाला भिडतो, कंबर मागे वाकते. दोरी हनुवटीशी पोचलीच तर टिकत नाही, सुटताना अर्धा इंच पुढे सरकते. तेवढ्यात पौंडभर जोर गेला आणि 30 मीटरवर बाण खाली. आता हा पठ्ठ्या काय करतो? नेम वर धरतो! दुखणं खांद्यात, औषध डोळ्यात.

म्हणून परीक्षा अर्जुनाचीच घ्या. बाण न लावता दोरी ओढा, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकवा आणि शेजाऱ्याला घरचा पत्ता सांगा, पिनकोडसकट. दहा सेकंद. आवाज चिरकला, मूठ थरथरली, तर धनुष्य जड आहे. दोरी सावकाश परत आणा. बाणाशिवाय सोडलीत तर सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर उलटतो आणि ते तडकतं. मोठ्या माणसानेसुद्धा 20-25 पौंडांनीच सुरुवात करावी.

एकलव्याचं विचारताय? अंगठा दिल्यावर तो बोटांनी ओढू लागला, पण पूर्वीइतका चपळ राहिला नाही, असं तिथेच लिहिलंय. आपल्या तीन बोटांच्या ओढीत अंगठा तळव्यात मुडपून बसलेला असतो, त्याला काही काम नाही. द्रोणाचार्यांची पंचाईत झाली असती.

चिठ्ठी आली. साडेसातला हॉल हळदीकुंकवाला द्यायचाय. भराभर सांगतो.

मंडईतून चार किलो कांद्यांची पिशवी बोटांना अडकवून आणता तेव्हा पिशवीचे बंद बोटांच्या पेरांत असतात, मनगट सरळ, वजन पाठीवर. दोरी तशीच धरा: तर्जनी नॉकच्या, म्हणजे बाणाच्या शेपटाकडच्या दोरीत बसणाऱ्या खाचेच्या वर, दोन बोटं खाली. नॉकला चिमटा काढू नका, बाण मुठीवरून उचलला जातो. ओढणारं कोपर बाणाच्या रेषेत, किंचित वर.

सोडताना बोटं उघडायची नाहीत. उघडणारी बोटं दोरीला बाजूला ढकलतात. पाठीचा ताण चालू ठेवून बोटं फक्त ढिली करा. दोरी आपली निघून जाते, हात मागे मानेशी येतो. तो चेहऱ्यापासून बाहेर उडाला तर दोरी बाहेर खेचली गेली. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण बहुधा डावीकडे जातो. धनुष्याचा हात बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत खाली नाही. मूठ आवळायची नाही, दाब अंगठ्याच्या मांसल भागावर.

सराव तीन मीटरवरून. मोठा, जाड फोम, मागे भक्कम भिंत, लक्ष्याचा कागद नाही. बाण फोमकडे रोखला की डोळे मिटून ओढा. रोज तीस बाण.

प्रश्न जिन्यात घेतो. जाताना तेवढ्या खुर्च्या भिंतीला लावा.