पिशव्यांचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

अमळनेर तालुक्यातल्या एका आजींचा मुलगा कापसाच्या वजनांची वही ठेवतो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आईला चढवलेल्या रक्ताच्या पिशव्यांच्या तारखा आहेत. सुरुवातीला दोन नोंदींमध्ये दोन महिन्यांचे अंतर दिसते, मग सहा आठवड्यांचे, आणि शेवटी तीन आठवड्यांचेच. मे महिन्यात, कॉलेजांना सुट्ट्या लागून रक्तदान शिबिरे थंडावतात आणि उन्हाने घराबाहेर पडवत नाही, तेव्हा हा मुलगा रक्तपेढीकडे दाता सोबत घेऊनच निघतो. आजी दर खेपेला मला एकच विचारतात, "डाक्टर, अजून कितल्या पिशव्या?"

आपल्या भागात रक्त कमी म्हटले की आधी लोहाच्या गोळ्या आठवतात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आठवावा लागतो. आजींना यांपैकी काहीच नव्हते. अस्थिमज्जेची, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या रक्ताच्या कारखान्याची, तपासणी झाली तेव्हा पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा गळालेला आढळला. बेल्जियममधील हर्मन व्हान डेन बर्घे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार १९७४ साली प्रथम वर्णिला. त्याला फाइव्ह क्यू मायनस सिंड्रोम म्हणतात. तो दुर्मीळ आहे आणि बहुधा उतारवयातल्या स्त्रियांना होतो. यात प्लेटलेट बहुतेक वेळा पुरेशा असतात, पण तांबड्या पेशी परिपक्व होण्याआधीच मरतात. बाहेरून रक्त देत राहावे, तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही.

या विकारावरचे लेनॅलिडोमाइड हे औषध थॅलिडोमाइडच्या कुळातले आहे. थॅलिडोमाइड १९५७ साली जर्मनीत बाजारात आले, ते गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे जगभर हजारो मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घ्यावे लागले. तेच औषध पुढे कुष्ठरोगातल्या वेदनादायक गाठींवर उपयोगी पडले. अशा औषधांना इम्युनोमॉड्युलेटरी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे नियमन करणारी, म्हणतात. माझ्या मते या विकारापुरते ते नाव दिशाभूल करणारे आहे, कारण येथे औषधाचा मुख्य घाव थेट रोगट पेशीवर पडतो. पेशीत सेरेब्लॉन नावाचे एक प्रथिन असते, जे कोणते प्रथिन मोडीत काढायचे याची खूण करते. हे औषध सेरेब्लॉनला चिकटले की एका खास केसीन कायनेज प्रथिनाला मोडीचा रस्ता धरावा लागतो. त्या प्रथिनाचे जनुक नेमके गळालेल्या तुकड्यावर असल्याने रोगट पेशीकडे त्याची एकच प्रत उरलेली असते. निरोगी पेशी तोटा सोसते, रोगट पेशीचे दिवाळे निघते. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक असतो आणि तेवढ्यावरून हा परिणाम त्याच्यात घडत नाही, म्हणून केवळ उंदरांवरच्या प्रयोगावर विसंबून चालले नसते.

माणसांवरच्या चाचणीत यश मोजले गेले ते पिशव्यांतच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४८ रुग्ण होते आणि सलग आठ आठवडे रक्त न लागणे ही कसोटी होती. ९९ जण, म्हणजे ६७ टक्के, तिला उतरले. मात्र निम्म्याहून अधिक जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या, अनेकांच्या प्लेटलेटही घटल्या.

या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. काही रुग्णांचा आजार पुढे रक्ताच्या कर्करोगाकडे झुकला, तो औषधामुळे की मूळ रोगाच्याच ओघाने, हे एका गटावरून सांगता येईना. अमेरिकेने २००५ च्या डिसेंबरातच मान्यता दिली होती. युरोपने ती २०१३ पर्यंत दिली नाही. दरम्यान २०५ रुग्णांच्या चाचणीत चिठ्ठी टाकल्यागत तीन गट पाडले: दहा मिलिग्रॅम, पाच मिलिग्रॅम आणि औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, जिला प्लासिबो म्हणतात. किमान २६ आठवडे रक्ताविना राहिलेले दहा मिलिग्रॅमच्या गटात ५६ टक्के होते, पाचच्या गटात सुमारे ४३ आणि प्लासिबोच्या गटात जेमतेम सहा. "म्हणजे काही रुग्णांना फसवले की," असे मला गावोगावी ऐकवले जाते. प्लासिबो घेणाऱ्याचे रक्त कोणी थांबवलेले नव्हते, आणि सोळा आठवड्यांत गुण न आल्यास त्याला खरे औषध घेण्याची मुभा होती. या सहा टक्क्यांशिवाय छप्पन्नचा अर्थ लागत नाही.

खान्देशातल्या कोणाला अशा चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर संमतीपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत मागण्याचा, घरी नेऊन वाचण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा त्याला अधिकार आहे. भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये.

आजींना मात्र चाचणीत जावे लागले नाही, कारण औषधाच्या कॅप्सूल आपल्याकडे आता उपचार म्हणूनच मिळतात. वहीत मुलाने नवे रकाने आखले आहेत: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे असते. त्यातले तीन झाले आहेत. पिशवीचा रकाना या तिसऱ्या आठवड्यातही भरलेला आहे.