यहेज्केलाच्या दोन काठ्या आणि पुसलेला बांध

श्रोतेहो, आजचा उतारा लहान आहे. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याचा ग्रंथ, अध्याय ३७, वचनं १५ ते २८. याच अध्यायाच्या सुरुवातीला सुक्या हाडांचं खोरं आहे, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. हाडांचा खडखडाट इतका मोठा आहे की पुढे संदेष्टा हातात दोन काठ्या घेतो याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

ज्यांचं जातं, त्यातले बरेच जण एका आडवाटेला लागतात. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी उत्तरेकडचे ‘हरवलेले दहा वंश’ कुठे गेले, हे हुडकण्याची ती वाट. कुणी त्यांना अफगाणिस्तानात पाहिलं, कुणी काश्मिरात, कुणी जपानात, तर कुणी थेट इंग्लंडात. मला ही वाट उताऱ्यातली वाटत नाही. हा उतारा एका जुन्या भाऊबंदकीचा निकाल आहे, आणि त्या निकालाची अंमलबजावणी दहा अध्याय पुढे, जमिनीच्या वाटणीत दिसते. म्हणून आधी भांडण समजून घेऊ.

भांडणाचं मूळ वेठबिगारीत आहे. दावीदाचा मुलगा शलमोन राजाने राज्याचे बारा विभाग पाडले आणि दरबाराच्या मुदपाकखान्याला एकेका विभागाने वर्षातून एक महिना पुरवठा करायचा, असं ठरवलं. रोजचा शिधा १ राजे ४ मध्ये दिला आहे: ३० कोर (धान्याचं एक मोठं माप) सपीठ, ६० कोर पीठ, पोसलेले १० बैल, चरणीचे २०, आणि १०० मेंढरं. हरणं-सांबरं वेगळी. त्यावर ३०,००० माणसांची वेठ. दहा-दहा हजारांच्या पाळ्या, महिनाभर लबानोनात लाकूडतोड आणि दोन महिने घरी. यरुशलेमेत मिल्लो नावाच्या भरावाचं बांधकाम चाललं होतं तेव्हा योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम म्हणून नेमला गेला यराबाम, स्वतः एफ्राईमचा, म्हणजे योसेफाच्याच घराण्यातल्या वंशाचा. ही नेमणूक लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

शलमोन गेल्यावर, इ. स. पू. ९३०च्या सुमारास, त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. लोकांनी एवढंच मागितलं की जू जरा हलकं करा. म्हाताऱ्या मंत्र्यांनी ‘ऐका’ म्हटलं, बरोबरीच्या पोरांनी ‘दाबा’ म्हटलं. रहबामाने पोरांचं ऐकलं: बापाने तुम्हाला चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. त्यावर उत्तरेकडच्यांनी जे उत्तर दिलं त्यातले शब्द निरखून बघा. दावीदात आमचा काय वाटा? इशायाच्या मुलात (म्हणजे दावीदातच) आमचं काय वतन? वाटा आणि वतन, हिब्रूत हेलेक आणि नहला. हे शब्द वारशाच्या वाटणीचे आहेत. वर शहाणपण असं की ही आग विझवायला रहबामाने कुणाला पाठवावं, तर वेठीचाच अधिकारी अदोराम याला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, आणि राज्याचे दोन तुकडे झाले: उत्तरेला यराबामाचं इस्राएल, दक्षिणेला रहबामाचं यहूदा.

आता हिशेब. फुटीच्या आधी शिलोच्या अहीया संदेष्ट्याने नव्या झग्याचे बारा तुकडे केले आणि यराबामाला दहा दिले. शलमोनाच्या मुलाला एक वंश राहील असं सांगितलं. दहा आणि एक अकरा. बारावा कुठे गेला? बन्यामीन पुढच्याच अध्यायात यहूदाच्या बाजूने उभा दिसतो. शिमोनाचं वतन मुळातच यहूदाच्या वतनाच्या पोटात होतं. मंदिरसेवेच्या लेवी वंशाला सलग जमीन नव्हतीच. तेव्हा ‘दहा’ हा आकडा राजकीय गोळाबेरीज म्हणून घ्यावा. तो जनगणनेसारखा वाचायला घेतला की पहिल्याच पायरीला ठेच लागते.

दुसरी ठेच इ. स. पू. ७२२ला लागते. त्या सुमारास उत्तरेची राजधानी शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडलं. शल्मनेसर पाचवा आणि त्याच्यामागून आलेला सार्गोन दुसरा, दोघांचीही नावं त्या घटनेशी जोडलेली आहेत. खोर्साबादच्या लेखात सार्गोन २७,२९० लोक नेल्याचं सांगतो. त्याआधी दहा वर्षांपूर्वी अश्शूरचाच राजा तिग्लथ-पिलेसर याने गालील आणि गिलाद इथून लोक नेले होतेच. आता २७,२९० या आकड्याशेजारी २ राजे १५ मधला एक तपशील ठेवा. शोमरोनचा राजा मनहेम याने अश्शूरला १,००० किक्कार रुपं (चांदी) दिलं, आणि ते धनवानांकडून माणशी ५० शेकेल घेऊन उभं केलं. एका किक्काराचे ३,००० शेकेल. भागाकार केला तर कर भरणारे ६०,००० निघतात, आणि ते नुसते पैसेवाले. म्हणजे अश्शूरने नेले ते बहुधा कारागीर, सैनिक, अधिकारी आणि राजधानीतले लोक. गावं ओस पडली नाहीत. बरेच जण दक्षिणेला सरकले असावेत. इ. स. पू. आठव्या शतकाच्या शेवटी यरुशलेम पश्चिम टेकडीवर पसरलं, आणि तिथे सापडलेली सात मीटर रुंदीची भिंत अनेक पुरातत्त्वज्ञ या वाढीशी जोडतात. यहूदाचा राजा हिज्कीया याने वल्हांडण सणाला उत्तरेत निरोप्ये धाडले तेव्हा पुष्कळांनी त्यांची टर उडवली, पण आशेर, मनश्शे आणि जबुलून यांतले काही जण आले, असं २ इतिहास ३० मध्ये आहे. गरिज्जीम डोंगराशी राहणारे शोमरोनी आजही स्वतःला एफ्राईम आणि मनश्शेचे वंशज म्हणवतात. सगळेच हरवले असते तर हे कोण?

या पार्श्वभूमीवर यहेज्केल बघा. इ. स. पू. ५९७ला यहोयाखीन राजाबरोबर नेलेल्या बंदिवानांत तो होता. बाबेल (बॅबिलोन) देशात, खबार कालव्याकाठी तेल-अबीबला राहणारा, पुरोहित घराण्यातला माणूस. इ. स. पू. ५८६ला यरुशलेमही पडलं. म्हणजे उत्तरेचं राज्य जाऊन सव्वाशेच्या वर वर्षं झालेली, दक्षिणेचंही संपलेलं. जोडायला दोन्हीकडे राज्यच शिल्लक नाही, आणि तेव्हा हा माणूस काठ्या जोडतोय.

आता काठ्या जवळून पाहू. हिब्रू शब्द आहे ‘एत्स’. झाड, लाकूड, काठी, सगळ्यांना हाच शब्द. काठीसाठी हिब्रूत ‘मत्ते’ आणि ‘शेवेत’ असे दोन नेमके शब्द होते, आणि गंमत अशी की दोन्हींचा अर्थ ‘वंश’ असाही होतो. गणना १७ मध्ये बारा काठ्यांवर नावं लिहिली जातात तिथे ‘मत्ते’च आहे. असा आयता श्लेष हाताशी असून यहेज्केल काठीला साधं लाकूड म्हणतो. ‘शेवेत’ तो राखून ठेवतो आणि १९व्या वचनात ‘इस्राएलाचे वंश’ म्हणताना वापरतो. तर्गुम या जुन्या अरामी भाषांतराने या लाकडाची पाटी केली. पुढे काहींनी या काठ्यांचे ग्रंथाच्या गुंडाळ्या केल्या आणि त्यावर मोठे सिद्धांत उभारले. पण १८व्या वचनात लोक ‘याचा अर्थ आम्हाला सांगशील का?’ असं विचारतात आणि २१व्यापासून उत्तर मिळतं: माणसं, देश, राजा. ग्रंथांचा तिथे उल्लेखही नाही.

लिहायचं काय, तेही नेमकं सांगितलं आहे. पहिल्या काठीवर ‘यहूदाची, आणि त्याच्या सोबती इस्राएलपुत्रांची’. दुसरीवर ‘योसेफाची, एफ्राईमची काठी, आणि त्याच्या सोबती सर्व इस्राएल घराण्याची’. दोन्ही मजकूर ‘ल’ या एका अक्षराने सुरू होतात. मालकी दाखवणारं हे अक्षर. हिज्कीयाच्या काळातल्या शेकडो रांजणांच्या कानांवर ‘राजाचं’ असा शिक्का सापडतो, त्याची सुरुवातही याच ‘ल’ने. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसंच. आणि पाहा, ‘इस्राएल’ हे नाव दोन्ही काठ्यांवर आहे. ते एकट्या उत्तरेच्या मालकीचं नाही. यहूदाच्या काठीवरही सोबती आहेत, म्हणजे दक्षिणेला सरकलेले उत्तरेकडचे त्यात आलेच.

मग कृती: त्यांना एकमेकींजवळ आण, म्हणजे त्या तुझ्या हातात एक होतील. खिळा, दोरी, डिंक कशाचा उल्लेख नाही. टोकाला टोक लावून मूठ मिटली की सांधा दिसत नाही. बहुधा असंच दाखवायचं असावं. इथे १७व्या वचनात शब्द आहे ‘अहादीम’. ‘एहाद’ म्हणजे एक, आणि हे त्याचं अनेकवचन. ‘एक’चं अनेकवचन! मराठीत करून बघा, जीभ अडते. पण संदेष्ट्याला तेच हवं आहे. दोन्ही काठ्या राहतात, अक्षरं पुसली जात नाहीत, तरी धरायला काठी एकच. १६ ते २४ या वचनांत ‘एक’ हा शब्द, हे अनेकवचन धरून, अकरा वेळा येतो. २५व्या वचनापासून तो थांबतो आणि ‘ओलाम’, म्हणजे सर्वकाळ, सुरू होतो, पाच वेळा. आधी एकी, मग टिकाव.

राजाबद्दलही घोळ होतो. २२ आणि २४व्या वचनांत ‘मेलेख’, राजा. २५व्यात तोच दावीद ‘नासी’, म्हणजे अधिपती. सप्तती या जुन्या ग्रीक भाषांतरात पहिल्या दोन्ही जागी राजासाठीचा नेहमीचा शब्द टाळून ‘आर्खोन’ घातला आहे. हस्तलिखित ९६७ या जुन्या ग्रीक पपायरसात तर अध्यायांचा क्रमच वेगळा आहे: ३६, मग गोग या शत्रूच्या स्वारीचे ३८-३९, त्यानंतर ३७, आणि लगेच ४०. त्या क्रमाने वाचलं तर हाडं आणि काठ्या संपल्या की थेट नवं मंदिर आणि जमिनीची मोजणी येते.

हे स्वप्न एकट्या यहेज्केलाचं नव्हतं. होशेय दोघांना एक पुढारी देतो, यशया ११ मध्ये एफ्राईमचा मत्सर मिटतो, यिर्मया ३१ मधला नवा करारही इस्राएल आणि यहूदा या दोन्ही घराण्यांशी आहे. जखऱ्या ११ मात्र उलटा जातो. तिथेही दोन काठ्याच, पण दुसरी मोडली जाते आणि यहूदा-इस्राएलचं भाऊपण तुटतं. आशेबरोबर ही मोडलेली काठीही त्याच ग्रंथसंग्रहात ठेवली गेली, हे मला संकलकांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. रब्बींत, म्हणजे यहूदी धर्मगुरूंतही, एकमत नव्हतं. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहाच्या सनहेद्रीन भागात रब्बी अकिवा म्हणतात, दहा वंश परतणार नाहीत, जसा गेलेला दिवस परतत नाही. रब्बी एलियेझर म्हणतात, दिवस मावळतो तसा उजाडतोही.

सिनेगॉगच्या वाचनक्रमात ही काठ्यांची वचनं ‘वय्यिगाश’ या भागाबरोबर येतात. उत्पत्ती ४४:१८ला यहूदा योसेफाच्या ‘जवळ जातो’, बन्यामीनाऐवजी स्वतः गुलाम राहायला तयार होतो, आणि पुढच्याच अध्यायात योसेफ ओळख देतो. काठ्या जवळ आणायच्या, ते त्या दोघा भावांचं जवळ येणं आठवत.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाचा प्रश्न इथे हमखास निघतो. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. त्यांच्या पूर्वजांना उत्तरेच्या दहा वंशांत घालणारी परंपरा आहे, आणि इ. स. पू. १७५च्या सुमाराला निघालेले म्हणणारी हाईम सॅम्युएल केहिमकरांची मांडणीही आहे. पण यहेज्केलाच्या काठ्यांवर वंशावळ तपासायची सोयच नाही. तिथे ‘सोबती’ एवढाच शब्द आहे, आणि तो फार ऐसपैस आहे.

आता वाटणी, अध्याय ४७ आणि ४८. देशाचे पूर्व-पश्चिम आडवे पट्टे पाडले आहेत. उत्तरेकडून क्रम असा: दान, आशेर, नफताली, मनश्शे, एफ्राईम, रऊबेन, यहूदा. मग पवित्र पट्टा. त्याखाली बन्यामीन, शिमोन, इस्साखार, जबुलून, गाद. कागदावर काढून बघा. एफ्राईम आणि यहूदा यांच्यामध्ये रऊबेन आणून बसवला आहे, जो पूर्वी यार्देन नदीपलीकडे होता. यहूदा, जन्माचा दक्षिणेकडचा, पवित्र पट्ट्याच्या उत्तरेला. बन्यामीन दक्षिणेला. इस्साखार आणि जबुलून हे गालीलकडचे, ते थेट खाली. ज्या बांधावरून शेकडो वर्षं डोकी फुटली तो बांध आता कुणाच्याच शेतात सापडणार नाही. जुनं ‘उत्तर राज्य’ या नकाशावर पुन्हा आखायचं म्हटलं तरी आखता येत नाही.

बाराचा हिशेब इथे दोन वेगळ्या रीतींनी जुळवला आहे. जमिनीत लेवीला पट्टा नाही, म्हणून योसेफाचे, एफ्राईम आणि मनश्शे असे, दोन वाटे. शहराच्या बारा वेशींना मात्र लेवीचं नाव आहे, म्हणून तिथे योसेफ एकच. वाटे सारखे, आणि देशात राहून पोरंबाळं झालेल्या परक्यालाही तो ज्या वंशात राहतो तिथे वतन.

पवित्र पट्टा २५,००० हातांचा चौरस. हा हात मोठा, नेहमीच्या हाताहून चार बोटं जास्त, सुमारे ५२ सेंटीमीटर. त्यात १०,००० हात रुंदी याजकांना, १०,००० लेव्यांना, उरलेली ५,००० शहराला. शहर ४,५०० हात चौरस, भोवती चहूबाजूंनी २५० हात मोकळं रान, म्हणजे बरोबर ५,०००. शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला १०,०००-१०,००० हात शेती. तिचं पीक राजवाड्यात जात नाही. ४८:१८ प्रमाणे ते शहरात राबणाऱ्यांच्या पोटाला. आणि राबणारे कोण? मिल्लोच्या बांधकामावर योसेफाच्या घराण्याची वेठ वेगळी होती आणि तिच्यावर यराबाम मुकादम होता. इथे १९व्या वचनात मुकादम नाही, आणि कामकरी ‘इस्राएलाच्या सर्व वंशांतून’ आलेले आहेत.