परांची काढल्यावर

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. दुरुस्तीला काढलेला जुना वाडा, बांबूंची परांची.)

या वाड्यासमोरच पहिल्या मजल्यावर आमची खोली. तिघं जण, तीन लॅपटॉप. आपसात मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती आणि दिवसभर जावास्क्रिप्ट.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. एका व्यापाऱ्याचा बिलांचा प्रोग्रॅम रात्री सर्व्हरवर चढवला, आणि तो उठेचना. पडद्यावर एकच तक्रार: 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल'. लॅपटॉपवर तोच कोड बिनतक्रार चालत होता, म्हणून कारण सापडेपर्यंत पहाट झाली. पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड. त्यांच्या नोंदी पॅकेज डॉट जेसन या फाइलीत, दोन याद्यांमध्ये: प्रोग्रॅम चालायला लागतात ती 'डिपेंडन्सीज'खाली, फक्त तो बनवताना-तपासताना लागतात ती 'डेव्ह-डिपेंडन्सीज'खाली. बिलावरची तारीख मांडणारं डे-जेएस हे पॅकेज आम्ही डेव्ह-डिपेंडन्सीजखाली नोंदवलं होतं.

एनपीएम इन्स्टॉल ही पॅकेजेस उतरवून घेण्याची आज्ञा दिली की आपल्या मशीनवर दोन्ही याद्यांमधली पॅकेजेस एकाच नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये येऊन पडतात. चाचणीचं व्हीटेस्ट आणि बिलाचं डे-जेएस शेजारी शेजारी; कोण कुठल्या यादीतलं, कळायला मार्ग नाही. सर्व्हरवर मात्र आम्ही 'ओमिट डेव्ह' लावतो, म्हणजे डेव्हची यादी वगळली जाते. बांबू निघाले, आणि आमची तुळई नेमकी त्यांच्यावरच टेकलेली.

हे माणसाच्या नजरेवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं ईएसलिंट 2013 पासून आहे, आणि त्याच्या इम्पोर्ट प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या भागात, यासाठीच एक नियम आहे: नो-एक्स्ट्रेनियस-डिपेंडन्सीज.

(दृश्य: ईएसलिंटच्या सेटिंगची, म्हणजे कॉन्फिग फाइल, अगदी जवळून.)

हा नियम नुसता चालू केला, तर तो कुठल्याच यादीत नसलेलं पॅकेज पकडतो. डेव्हवाल्यांना मोकळं सोडतो. डेव्ह-डिपेंडन्सीजपुढे 'फॉल्स' लिहिलं, तर चाचणीची प्रत्येक फाइल लाल होते. मग वैतागून कोणीतरी 'ईएसलिंट-डिसेबल', म्हणजे 'तपासणी बंद', लिहितं, आणि पहारा उठतो.

म्हणून तिथे 'फॉल्स'ऐवजी, सूट द्यायच्या फाइलींच्या नावांचे नमुने द्यायचे. आमचे दोनच: 'डॉट टेस्ट डॉट जेएस'ने संपणाऱ्या फाइली, आणि कोड बांधून देणाऱ्या व्हीटची कॉन्फिग.

"ताई, कोडच्या अख्ख्या एसआरसी फोल्डरलाच सूट देऊ ना, कटकट नको," सोबतचा एक जण म्हणाला.

"अरे, बिलाची फाइल त्यातच आहे!"

(दृश्य: बिलाची फाइल.)

नियम सेव्ह केला. डे-जेएस आत घेणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ: हे पॅकेज डिपेंडन्सीजमध्ये हवं, डेव्हमध्ये नको. पॅकेज डॉट जेसनमधली ती एक ओळ डिपेंडन्सीजच्या यादीत नेली, ईएसलिंट पुन्हा चालवलं. रेघ गेली. त्याच दिवशी रात्री प्रोग्रॅम पुन्हा चढवला.