शिखरामागचे आकाश

श्रोतेहो, नमस्कार.

गोदावरीला पूर आला की नाशिककर अहिल्यादेवी होळकर पुलावर जमतात आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले की गळ्याशी आले, यावरून पुराचा अंदाज बांधतात. पुलावरून हा मारुती, रामकुंडाचा परिसर आणि काठावरची देवळे एका नजरेत येतात, म्हणूनच हे शक्य होते. ही मोकळी नजर साऱ्या गावाची मिळकत आहे, पण तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नाही.

जुने नाशिक नऊ टेकांवर वसले, असे परंपरा सांगते. जुनी गढी, डिंगर अळी, सोनार अळी, चित्रघंटा ही त्यांपैकी काही नावे. जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर मिळाले. म्हणजे गावाची क्षितिजरेषा आधी मातीने आखली. पलीकडच्या तीरावर, पंचवटीत, नारोशंकराचे आणि काळारामाचे शिखर अठराव्या शतकात तिच्यात येऊन मिळाले.

आज इमारतीची उंची प्रामुख्याने रस्त्याची रुंदी आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते याचे प्रमाण, यांवर ठरते. हे नियम आवश्यक आहेत, परंतु ते भूखंडापुरते पाहतात. आपल्या जागेत पूर्णपणे नियमानुसार उभी राहिलेली इमारत दूरच्या शिखराच्या नेमकी मागे येते, आणि आकाशावर उठून दिसणारी शिखराची कड तिच्या भिंतीत व गच्चीवरच्या टाक्यांत विरून जाते. याला एकटा मालक जबाबदार नाही. शिखर कोठून पाहायचे हेच आपण कधी लिहून ठेवलेले नाही. लंडनने १९३० च्या दशकापासून सेंट पॉल कॅथीड्रलभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली, ती नदीकाठावरून आणि पुलांवरून घुमट दिसत राहावा म्हणून. आपल्यालाही पुलावरची आणि घाटावरची मोजकी ठिकाणे निश्चित करून तेथून शिखरांपर्यंतच्या दृष्टिरेषा विकास आराखड्यात आखता येतील, आणि ज्यांची बांधकामाची उंची त्यामुळे कमी होईल त्यांना हस्तांतरणीय विकास हक्कांतून, म्हणजे न वापरता आलेले बांधकाम दुसरीकडे वापरण्याच्या किंवा विकण्याच्या हक्कांतून, मोबदला देता येईल. मोबदल्यावाचून असा नियम टिकेल, असे मला वाटत नाही.

प्रवेशाचेही तसेच आहे. मुंबई नाका, त्र्यंबक नाका, आडगाव नाका, दिंडोरी नाका ही नावे गावात शिरण्याची जागा सांगतात. शहर मात्र त्यांच्या कितीतरी पुढे गेले आहे. मुंबईकडून येणाऱ्याला पांडवलेण्यांचा डोंगर दिसला की नाशिक आले, हे अजूनही कळते. त्यानंतर महामार्गाचा उड्डाणपूल त्याला गावावरून पुढे नेतो, आणि गोदाकाठाकडे कोठे उतरायचे याची खूण त्याला जाहिरातींच्या फलकांच्या गर्दीत शोधावी लागते. मुंबई नाका आणि द्वारका या चौकांत फलक हटवून, झाडे आणि दगडी बांधकाम यांनी नदीकडचा रस्ता ठळक करणे हे फार खर्चाचे काम नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची आणि घाटांची कामे होत असताना ही आखणी त्यांच्यासोबतच व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिची पहिली रेषा होळकर पुलाच्या कठड्यापासून, पुराच्या दिवशी आपण जेथे उभे राहतो तेथून काढावी.