कोळी, कुंभारीण आणि विंचू : कोकणातल्या घराचे सहवासी

या माहितीपटात पडद्यावर दिसणारे दक्षिण कोकणातले हे कौलारू घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे आहे. जांभ्याला मुळातच छिद्रे असतात, कौले आणि रिपा यांच्यामध्ये फटी राहतात, माळ्यावर जुनी टोपली आणि नारळाच्या करवंट्या साठलेल्या असतात, मागच्या पडवीत जळाऊ लाकडांची रास असते आणि तिला लागूनच गोठा असतो. त्यामुळे या घराचे दार लावले तरी घर बंद होत नाही. शिधापत्रिकेवर चार-पाच नावे असलेल्या या वास्तूत सहा आणि आठ पायांचे शेकडो जीव वर्षभर नांदतात, आणि त्यांतल्या कोणाला भ्यायचे, कोणाला दुर्लक्षून सोडायचे आणि कोणाला आवर्जून राहू द्यायचे, हे घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ठरवावे लागते. हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. मात्र तो नेहमीच बरोबर झाला आहे, असे म्हणता येणार नाही.

सुरुवात कोळ्यापासून करू, कारण सर्वांत जास्त आळ त्याच्यावर आहे. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात आणि त्याच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग असतात. कोळ्याला आठ पाय असतात, शरीराचे भाग दोनच असतात, आणि नात्याने तो विंचू आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. माजघराच्या कोपऱ्यात, छताला लागून, केसासारख्या बारीक पायांचा जो कोळी उलटा लटकलेला असतो, त्याच्या जाळ्याला नुसता धक्का लागला तरी तो अंग इतक्या वेगाने हलवू लागतो की त्याची आकृतीच धूसर होते. भिंतीवर दिवसाढवळ्या फिरणारा बुटका, केसाळ कोळी जाळे विणून भक्ष्य पकडत नाही. त्याला आठ डोळे असतात, समोरचे दोन मोठे असतात, आणि आपण जवळ गेलो की तो वळून आपल्याकडे चक्क पाहतो. माशीच्या दिशेने तो आधी दबकत सरकतो आणि मग झेप घेतो. झेपेपूर्वी भिंतीला रेशमाचा एक धागा चिकटवून ठेवायला मात्र विसरत नाही.

रात्री न्हाणीघरात दिवा लावल्यावर ज्याला पाहून किंकाळी फुटते, तो मोठा तपकिरी कोळी या दोघांपेक्षा वेगळा आहे. पाय पसरले की तो तळहाताएवढा दिसतो, त्याचे शरीर चपटे असते, आणि दाराच्या चौकटीमागच्या फटीत तो सहज शिरतो. तोही जाळे विणत नाही. त्याचे मुख्य काम रात्री झुरळे पकडणे हे आहे, आणि ते तो कोणत्याही फवाऱ्यापेक्षा चिकाटीने करतो. मादी कधीकधी पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी पांढरी चकती धरून फिरताना दिसते. ती चकती म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत ती तिला सोडत नाही. हा कोळी हातात दाबून धरला तर चावू शकतो आणि दुखतेही, पण तो स्वतःहून माणसाच्या अंगावर येत नाही आणि त्याच्या चाव्याने माणसाच्या जिवाला धोका होत नाही. घरात सहसा दिसणाऱ्या इतर बहुतेक कोळ्यांचे जबडे तर माणसाची कातडी भेदण्याइतके मजबूतच नसतात.

तरीही पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लालसर, जळजळणारा, फोडांचा पट्टा दिसला, की घरातली वडीलधारी मंडळी लगेच निदान करतात : ‘कोळी मुतला.’ हा आळ खोटा आहे. खरा कारणीभूत जीव आता पडद्यावर दिसतो आहे. सेंटिमीटरभरही लांब नसलेला, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, दिसायला मुंगीसारखा असलेला हा एक भुंगेरा आहे. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. भातशेतीच्या ओलाव्यात राहणारा हा जीव रात्री दिव्याकडे ओढला जातो, माणसाच्या अंगावर उतरतो, आणि आपण झोपेत हात मारून त्याला चिरडतो. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचे अतिशय दाहक विष असते, आणि ते त्वचेवर जिथपर्यंत पसरते तिथपर्यंत भाजल्यासारखा डाग उठतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत तो उठला तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचे प्रतिबिंब असावे तसे डाग दिसतात. पुरळ एक-दोन दिवसांनी उठत असल्यामुळे कोणालाही तो किडा आठवत नाही, आणि छतावरचा कोळी मात्र समोर दिसत असतो.

असा किडा अंगावर दिसला तर त्याला चिरडू नये, फुंकर मारून उडवावे आणि ती जागा साबणाने धुवावी. हाच भुंगेरा भाताच्या खाचरात तुडतुड्यांसारखे पिकाचे शत्रू खातो, त्यामुळे शेतातल्या त्याच्या कामाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. अडचण आपल्या दिव्यांमुळे होते. रात्री पडवीतला पांढराशुभ्र दिवा विनाकारण जळत न ठेवणे, आणि ठेवायचाच तर पिवळसर व मंद ठेवणे, हा औषधापेक्षा स्वस्त उपाय आहे. अंगाच्या एकाच बाजूला वेदनेसह फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण असू शकते. तो विषाणूचा आजार आहे. त्यावर कोळ्याचे उतारे किंवा लेप करत बसण्यापेक्षा वेळेवर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

कोळ्याला घरात खरा शत्रू आहे, आणि तो माणूस नव्हे. न्हाणीघराच्या सांडपाण्याशेजारी ओल्या मातीवर उतरलेली ही लांब, कृश कमरेची माशी म्हणजे कुंभारीण. मातीची बारीक गोळी जबड्यात धरून ती आत येते आणि देवघराच्या चौकटीवर, तसबिरीमागे, कधी विजेच्या बटणाच्या भोकात एकापुढे एक मातीच्या नळ्या लिंपते. नळी तयार झाली की ती कोळ्यांच्या शिकारीला निघते. पकडलेल्या कोळ्याला डंख मारून ती त्याला लुळा करते, पण मारत नाही, कारण मेलेला कोळी कुजेल. असे डझनभर कोळी एका कोठीत सहज भरले जातात. त्यांच्यावर एक अंडे घातले जाते आणि तोंड मातीने बंद होते. अंड्यातून निघालेली अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते, आतच कोष करते, आणि काही आठवड्यांनी भिंत पोखरून नवी कुंभारीण बाहेर पडते. तिच्या काही नातलग जाती कोळ्यांऐवजी अळ्या भरतात.

ही घटना आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिली होती. दत्तसंप्रदायात अवधूताचे जे चोवीस गुरू सांगितले जातात, त्यांत कोळी आहे आणि ही कुंभारीण, म्हणजे भिंगुरटीही आहे : कोंडलेला कीटक भीतीने तिचे ध्यान करता करता तिच्यासारखाच होतो, असा तो दृष्टांत आहे. कीटक आत गेला आणि माशी बाहेर आली, हे निरीक्षण अचूक होते. मधल्या काळात बंद कोठीत काय घडले, एवढेच दिसत नव्हते. दृष्टांताचा आध्यात्मिक अर्थ वेगळा राहिला, पण चौकटीवरची ती माती इतक्या लक्षपूर्वक पाहणाऱ्या समाजाने तिला नुसती घाण म्हणून खरवडून टाकावे, हे जरा विचित्र वाटते. कुंभारीण एकटी राहते, राखायला तिचा जमाव नसतो, आणि मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. वळचणीला कागदासारखे घरटे करणाऱ्या गांधीलमाश्यांचे तसे नाही : त्या समूहाने घरटे राखतात, आणि एका वेळी अनेक डंख झाले किंवा माणसाला त्या विषाचे वावडे असले तर प्रसंग गंभीर होतो. दाराजवळचे त्यांचे घरटे जाणकाराकडून काढून घेणेच योग्य.

वाळवीच्या बाबतीत मात्र कोकणी माणसाचे मन खरोखर दुभंगलेले आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पूजली जाते, गाभाऱ्यात वाढणाऱ्या वारुळाला नमस्कार केला जातो; आणि तोच जीव घराच्या दाराची चौकट आतून पोकळ करत असतो. वाळवीच्या कामकरी किड्यांना दृष्टी नसते आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून त्या मातीच्या बोगद्यांतूनच भिंत चढतात. भिंतीवरची ती मातीची रेघ वेळच्या वेळी मोडणे, लाकूड जमिनीला टेकू न देणे आणि काजूच्या टरफलांपासून काढलेले डिंबेल वाशांना लावणे, हे इथले जुने उपाय आहेत. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावरून फिरत असे आणि वासे काळेभोर होत. गॅस आल्यापासून डोळ्यांना आणि फुफ्फुसांना मोठा आराम मिळाला, पण वाशांचे ते धुरी संरक्षण गेले, हेही खरे आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पालापाचोळा आणि वठलेले लाकूड पुन्हा मातीत मिसळण्याचे काम या जीवावरच चालते, आणि पावसाळ्यात बाजारात चढ्या भावाने विकली जाणारी रानातली अळंबी वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीतूनच उगवते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, तेव्हा दिव्याखाली पाण्याची परात ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांची चंगळ होते.

मृग नक्षत्राच्या सुमारास, सात जूनच्या आसपास, ओल्या मातीवर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडाही आठ पायांचाच आहे, आणि मुलांनी तो तळहातावर घेतला तर काही बिघडत नाही. काजूच्या आणि आंब्याच्या झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या मात्र झाडावर चढणाऱ्याला कडकडून चावतात. पानांच्या कडा जुळवून धरणाऱ्या कामकरी मुंग्या आपल्याच अळ्यांच्या तोंडातला रेशमी धागा शिलाईसाठी वापरतात. काजूच्या मोहोरावरचा ढेकण्या हा उपद्रवी किडा त्यांना भक्ष्य म्हणून चालतो, त्यामुळे बागायतदाराने त्यांची घरटी जाळण्याआधी थोडा हिशोब करावा.

स्वयंपाकघरात सहजीवनाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तांदळातले सोंडे आणि कडधान्यातले भुंगेरे यांच्याशी तडजोड होत नसते. चैत्र-वैशाखातले कडक ऊन, डाळींना एरंडेल तेलाचा हात आणि घट्ट झाकणाचा डबा यांनी त्यांचा बंदोबस्त होतो. डासांचेही तसेच. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आणि हंडे रिकामे करून घासणे, हे कोळ्यावर केरसुणी उगारण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे.

आता ज्याची भीती रास्त आहे, त्या विंचवाकडे येऊ. इथेही नजर फसते. काळी, मोठी, जाडजूड चिमट्यांची इंगळी पाहून माणूस हबकतो, पण तिचे विष तुलनेने सौम्य असते. खरा धोका आकाराने लहान, लालसर-तपकिरी रंगाच्या, बारीक चिमट्यांच्या आणि जाड शेपटीच्या लाल विंचवाचा आहे. तो जांभ्याच्या फटीत, लाकडांच्या राशीत, चुडतांखाली आणि कधी चपलेत राहतो. त्याचा डंख झाल्यावर वेदनेपेक्षा पुढची लक्षणे महत्त्वाची असतात : भरपूर घाम, उलटी, हातपाय थंड पडणे. विषामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. लहान मुलांमध्ये हे फार झपाट्याने घडते.

रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम नोंदवला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. त्याआधी गंभीर लक्षणे दिसलेल्या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावत असत. प्राझोसिननंतर हे प्रमाण अगदी थोड्यांवर आले. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे त्यात दिसून आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. मंत्र, उतारा, डंखाच्या जागी कापणे किंवा दोरी आवळणे यांत जाणारा प्रत्येक तास या औषधाच्या वाट्याचा असतो, म्हणून डंख झालेल्या मुलाला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

विंचवाला शोधण्याची एक सोय निसर्गानेच ठेवली आहे. जंबुपार किरणांच्या प्रकाशात त्याचे अंग हिरवट-निळे चमकते, आणि तसे विजेरी दिवे आता सहज मिळतात. पडद्यावरच्या चिऱ्याच्या गडग्यात साध्या उजेडात काहीच दिसत नाही. दिवा बदलला की तीन जागी विंचू उजळून निघतात. लाकडे काठीने हलवून मगच हात घालणे, चप्पल झटकून घालणे आणि अंथरूण भिंतीपासून दूर घालणे या सवयींना मात्र पर्याय नाही.

शेवटी फवारणीचा प्रश्न उरतो. घरभर मारलेल्या विषारी फवाऱ्याने भिंतीवरचे कोळी मरतात आणि झुरळेही मरतात. पण झुरळांच्या अंड्यांच्या टणक कोषांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे काही आठवड्यांत झुरळे परततात आणि त्यांना खाणारा कोळी तेव्हा भिंतीवर नसतो. गणपतीआधी घराची झाडलोट करण्याला यामुळे कोणतीही अडचण येत नाही. धुळीने काळी पडून लोंबणारी जळमटे ही बहुधा कोळ्याने केव्हाच सोडून दिलेली जाळी असतात आणि ती निःसंकोच काढावीत. ज्या जाळ्यात कोळी बसलेला आहे, ते स्वच्छ आणि जेमतेम दिसणारे असते. माजघरातले तेवढे काढून गोठ्यातले आणि मागच्या पडवीतले राहू दिले, तर गुरांभोवतीच्या माश्यांपैकी काही त्यात अडकत राहतात.