बेऱ्याच्या टोकाला कोकोचं फळ

[पडद्यावर : चांदीचं एक कडं, अगदी जवळून. कॅमेरा दांड्यावरून सरकत टोकाशी थांबतो.]

हे टोक नीट बघा. कड्याचा दांडा साधा आहे, गोल आणि भरीव. मनगटाला वेढा घालून तो जिथे संपतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक फळ बसवलंय. लांबट, शेवटी निमुळतं, अंगावर उभे कंगोरे. हे कमळ नाही, मकरमुख नाही, नागाचा फणाही नाही. हे कोकोचं फळ आहे. चॉकलेट ज्याच्या बियांचं होतं, तो कोको.

गंगेकाठच्या कुठल्याही सोनाराने असं कडं घडवलं नसतं. त्याने कोको कधी पाहिलाच नव्हता. हे कडं घडलं त्रिनिदादमध्ये, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून ज्या बायका तिथे गेल्या, त्यांच्या हातांसाठी घडलं. तिथे त्याला बेरा म्हणतात.

[पडद्यावर : समुद्र. शिडाच्या जहाजाचं जुनं चित्र.]

30 मे 1845. ‘फातेल रझाक’ हे जहाज सुमारे सव्वादोनशे माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. शेजारच्या ब्रिटिश गियानात, म्हणजे आजच्या गयानात, अशी जहाजं 1838 पासूनच येत होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते; ते ठरावीक मुदतीच्या करारावर आणले जात. 1917 पर्यंत हा ओघ चालला. त्रिनिदादला सुमारे 1 लाख 44 हजार माणसं गेली, गियानाला जवळपास 2 लाख 39 हजार. बहुतेक सगळी भोजपुरी आणि अवधी मुलखातली, कलकत्त्याहून जहाजावर चढलेली, काही मद्रासहून. आपली मराठी माणसं याच कराराने गेली ती प्रामुख्याने मॉरिशसला, मुंबई बंदरातून.

जहाजावर चढताना प्रत्येकाला पत्र्याचा एक बिल्ला मिळे. त्यावर नंबर असे. तो गळ्यात अडकवायचा नाहीतर दंडाला बांधायचा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा हा प्रवास सुमारे तीन महिन्यांचा. तेवढे दिवस प्रत्येक बाईच्या अंगावर सरकारचा हा बिल्ला.

शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा पुढे नियम झाला. मग भरती करणारे दलाल बायका शोधत हिंडू लागले. तीर्थाच्या ठिकाणी, बाजारात, दुष्काळातून बाहेर पडलेल्या वाटांवर. विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, स्वतःच घर सोडून निघालेल्या होत्या. नवऱ्याबरोबर आलेल्याही होत्या, पण एकट्या आलेल्या पुष्कळ.

आपल्याकडे बाईच्या अंगावर दागिना येतो तो कुणाच्या तरी हातून. माहेरचं काही, सासरचं काही, मामाने घातलेलं एखादं. तो घालणारं माणूस आणि घालण्याचा प्रसंग ठरलेला. या बायकांना तिथे माहेर नव्हतं आणि सासरही नव्हतं. मग त्यांच्या अंगावर एवढी चांदी आली कुठून?

मजुरीतून.

[पडद्यावर : व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेलं शिलिंग, तराजूच्या पारड्यात.]

त्रिनिदादच्या कायद्यात धडधाकट मजुराचा रोज होता 25 सेंट. एक शिलिंग आणि वर अर्धा पेनी. बायकांच्या हातात साधारणपणे त्याहून कमी पडे, कारण त्यांना खुरपणी, खत टाकणं अशी हलकी समजली जाणारी कामं दिली जात. हलकी मळेवाल्याच्या हिशोबात. उन्हात दिवसभर ओणवं राहणारीच्या कमरेला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

शिलिंगचं वजन 5.66 ग्रॅम, चांदी शंभरात साडेब्याण्णव भाग. वीस शिलिंग म्हणजे 113 ग्रॅम, दहा तोळ्यांना थोडंसंच कमी. जोडीला दोन चांगले वजनदार बेरे त्यातून होतात. पण वीस शिलिंग मागे टाकायचे म्हणजे किती दिवसांची मजुरी, किती जेवणं अर्धीमुर्धी, आजारपणात बुडालेला किती रोज, याचा हिशोब कुठल्याच वहीत सापडत नाही. तो त्या कड्याच्या वजनात आहे.

ती नाणी बाई सोनाराकडे घेऊन जाई. मजूर म्हणून आलेल्यांत सोनार जातीचे लोकही होते. भरतीच्या कागदावर सगळेच शेतमजूर. करार संपला की यांच्यातला एखादा वस्तीत भट्टी मांडून बसे. ऐरण, हातोडी, फुंकणी, मूस. नाणी मुशीत जायची, राणीचा चेहरा मऊ होऊन वितळायचा. रसाची लगड ओतायची, ती तापवून तापवून ठोकत दांडा करायचा. छिन्नीने रेघा आणि ठिपके उमटवायचे. टोकं वेगळी घडवून डाख देऊन जोडायची. मग तो दांडा वाकवून गोल करायचा. टोकांच्या मधे फट ठेवायची, म्हणजे मनगट तिरकं करून हात आत घालता येतो.

टोकांवर काय बसवायचं, हे या वेळी ठरे.

[पडद्यावर : कोकोची बाग. खोडावर लटकलेली पिवळी-तांबूस फळं.]

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्रिनिदादमध्ये कोकोला सोन्याचे दिवस आले. निर्यातीत त्याने साखरेलाही मागे टाकलं. करार संपलेले हिंदुस्थानी लोक डोंगरउतारावर कोकोची लागवड करायचा मक्ता घेऊ लागले. रोपं लावायची, झाडं फळायला लागेपर्यंत सांभाळायची, मधल्या जागेत स्वतःपुरता भाजीपाला घ्यायचा, आणि शेवटी जगलेल्या झाडामागे ठरलेले पैसे घ्यायचे. मळ्यावरच्या मुकादमाच्या आरोळीवर उठण्याच्या तुलनेत हे वेगळंच जगणं होतं.

कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. ते कोयत्याने फोडायचं, गर हाताने काढायचा, बिया आंबवायच्या, लाकडी फळ्यांवर उन्हात पसरायच्या. मग अनवाणी पायांनी त्या बिया घोळवायच्या, चकाकी येईपर्यंत. त्रिनिदादमध्ये त्याला कोको नाचवणं म्हणतात. या कामात बायका होत्या, पोरंही होती.

बेऱ्याच्या टोकावर हे फळ आलं ते असं. सोनाराने ते पुस्तकातून उचललं नाही. ज्या हातात कडं जाणार, तोच हात दिवसभर ती फळं फोडत होता. मला हे डिझाइन फार मोठं वाटतं. कड्याचा घाट आजीच्या गावचा, चांदी इंग्रजांच्या नाण्याची, टोक नव्या जमिनीचं. तिघांपैकी एकही दुसऱ्यात विरघळून गेलेलं नाही, तिन्ही वेगवेगळे ओळखू येतात.

[पडद्यावर : जुनी चित्रपोस्टकार्डं, एकामागून एक.]

हे दागिने अंगावर कसे दिसत, ते आपल्याला पोस्टकार्डांतून कळतं. फेलिक्स मोरीन नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराचा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये स्टुडिओ होता. त्याने हिंदुस्थानी बायकांचे पुष्कळ फोटो काढले. पुढे असे फोटो पोस्टकार्डांवर छापून गोऱ्या प्रवाशांना विकले गेले.

एकेक दागिना बघा. नाकात फूल. गळ्याशी हसुली, आपल्याकडच्या लमाणी बायकांच्या हांसळीसारखी ताठ आणि जड. तिच्या खाली हैकल, म्हणजे नाण्यांना कड्या जोडून ओवलेला हार. पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा घाट परका वाटणार नाही, फक्त इथे सोन्याच्या चकत्यांच्या जागी चलनातली खरी नाणी आहेत. दंडावर बाजूबंद. आणि मनगटापासून वर चढत गेलेले बेरे.

खाली छापलंय, ‘कुली वूमन’. नाव नाही. कुली ही तिथे शिवी होती आणि आजही ती तशीच बोचते. छायाचित्रकाराचं नाव राहिलं, स्टुडिओचा पत्ता राहिला. ती मात्र निनावी. तिच्याबद्दल खात्रीने सांगता येतं ते तिच्या अंगावरच्या चांदीवरूनच.

पोस्टकार्डं नीट मोठी करून पाहिली तर काही बायकांच्या हातांवर गोंदण दिसतं. तिकडे गोदना म्हणतात. लग्न झालेल्या बाईच्या हातावर गोदना नसेल तर सासरचे तिच्या हातचं खात नसत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या, मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण तेवढं. सोनंनाणं इथेच राहतं. सातासमुद्रापलीकडे गेलेल्या बाईच्या अंगावर हे दोन्ही होतं. एक काढून विकता येण्यासारखं, दुसरं कुणालाच हिसकावता न येणारं.

हिसकावणं हा शब्द मी सहज वापरलेला नाही. त्रिनिदादमध्ये हिंदू लग्नाला कायद्याने नीट मान्यता मिळाली 1945 साली. म्हणजे पहिलं जहाज लागल्यापासून तब्बल शंभर वर्षांनी. तोवर पुरोहिताने लावलेलं लग्न नोंदवलं नसेल तर सरकारदरबारी बाई अविवाहितच. नवरा मेला तर जमिनीवर तिचा हक्क सांगणं कठीण. अशा वेळी अंगावरचा दागिना हीच काय ती निर्विवाद मालमत्ता. पण तोच दागिना तिच्या जिवावरही उठे. बायका थोड्या, पुरुष जास्त; एखादी बाई घर सोडून दुसऱ्याकडे गेली की पहिला दागिने परत मागायचा. ‘मी घडवून दिले’ म्हणायचा. भांडणं कोर्टात गेली. काही ठिकाणी ऊसतोडीचा कोयता चालला आणि बाईचा खून झाला. या वसाहतींच्या इतिहासात असे खून इतके झाले की सरकारला त्यांची वेगळी दखल घ्यावी लागली. चांदीच्या झगमगाटाची गोष्ट सांगताना हे वगळणं मला जमणार नाही.

[पडद्यावर : लाल-काळ्या बिया, तळहातावर.]

आणखी एक लहानशी वस्तू. ही गुंज. आपल्या सोनारांचं जुनं वजन: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्रिनिदादमध्ये जंबी बीड म्हणून जे लाल-काळं बी बाळाच्या मनगटाला बांधतात, त्यात ही गुंज असते. दृष्ट लागू नये म्हणून. दृष्टीला तिकडे माल्जो म्हणतात. आपल्याकडे बाळाच्या मनगटीत काळे मणी, तिकडे गुंज. आणि त्याच्या जोडीला बाळाच्या मापाचा इवलासा बेरा. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे, स्पॅनिश बोलणाऱ्यांचे आणि भोजपुरी आज्यांचे समज त्या एका मनगटावर एकत्र आले आहेत.

[पडद्यावर : न्यूयॉर्क, क्वीन्स. लिबर्टी ॲव्हेन्यूवरची दागिन्यांची दुकानं.]

विसाव्या शतकात चांदी मागे पडली. जड चांदी गरिबीची, मळ्याची आठवण करून देई. हातात पैसा आला तसं सोनं आलं. जुने बेरे पुन्हा मुशीत गेले. मग 1960 नंतर या घरांतल्या मुली पुन्हा निघाल्या, या वेळी विमानाने. न्यूयॉर्क, टोरोंटो, लंडन. क्वीन्समधल्या रिचमंड हिलमध्ये गयाना आणि त्रिनिदादहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या काचेच्या कपाटांत सोन्याचे बेरे ओळीने मांडलेले दिसतात. बाजारात त्यांना आता वेस्ट इंडियन बँगल म्हणतात. टोकांवर कोको असतो, वळलेली मूठ असते, चेंडू असतात. इंडिया हे नाव त्यांच्यात उरलंय ते कोलंबसाच्या चुकीतून आलेलं. जिने मजुरीच्या शिलिंगांतून पहिला बेरा घडवून घेतला, तिचा देश त्या नावात धरलेलाच नाही.

अशा दागिन्यांशेजारी एक पाटी नेहमी दिसते: कारागीर अज्ञात. माझं म्हणणं असं की डिझाइनचं श्रेय दोघांना द्यायला हवं. हातोडी सोनाराची, पण किती जाड, किती जड, टोकावर काय, आणि त्यासाठी काय काय मोडायचं, हे ठरवणारी बाई होती. दागिन्यांच्या इतिहासात राण्यांनी आणि शेठाण्यांनी घडवून घेतलेल्या वस्तू त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. खुरपणी करणाऱ्या बाईला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

[पडद्यावर : स्थलांतराच्या पासची जुनी प्रत. हाताने भरलेले रकाने.]

कागद आहेत. त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम आणि फिजीतल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदी 2011 साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत गेल्या. कलकत्त्याच्या पासवर नाव आहे, बापाचं नाव आहे, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, शरीरावरच्या खुणा. इतकं सगळं विचारून लिहिलंय. पण अंगावरच्या दागिन्यांचा रकाना त्यात नाही, आणि पुढे मजुरीतून तिने काय घडवलं ते लिहिणारं तर कुणीच नव्हतं.

तो रकाना आता घरांनाच भरावा लागणार आहे. ट्रंकेत एखादा बेरा असेल तर त्याचं वजन करा, टोकांचे फोटो काढा, आत सोनाराचा छाप आहे का पाहा. कुणाच्या पैशाने घडवला, कोणत्या गावात, टोकं कुणी निवडली, हे घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारून लिहून ठेवा. सोन्याचा भाव चढलाय म्हणून जिथे जुना डाग मोडायला काढलाय, तिथे दुकानात जायच्या आधी.