माती विणताना

ही पट्टी मातीची आहे, विणून शिल्प करण्यासाठी. बोटभर रुंद, भाकरीएवढी जाड. नवी मुंबईतल्या बेलापूरच्या या गाळ्यात अशा पट्ट्या सकाळीच लाटून ओल्या फडक्याखाली झाकल्यात. आता एक उभी, एक आडवी; एक वरून, एक खालून. ओल जास्त असली तर पट्टी लोंबते, जरा सुकली की वाकवताना चिरते. पावसाळ्यात खाडीवरच्या दमट हवेमुळे माती हळू सुकते, हाताला थोडा जास्त वेळ मिळतो.

आणि हा माग. बेलापूरच्याच अर्बन हाटमध्ये, म्हणजे हस्तकलांच्या बाजारात, येवल्याच्या विणकर काकांनी मांडलेला. पैठणीच्या पदराच्या नक्षीत प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी, वेगळी. बघा, हिरवा बाणा, म्हणजे आडवा धागा, पाकळीच्या कडेपर्यंत आला, शेजारच्या लाल बाण्यात अडकला आणि मागे फिरला. मागे लोंबते धागे उरतच नाहीत, म्हणून पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. शिल्प सुचलं ते या अडक्यातून, दोन रंग एकमेकांत अडकतात त्या जागेतून.

काकांच्या शेजारी काकू कांड्या भरतायत. धागा तुटू न देता, एकसारखा ताण ठेवून. कांडी रिकामी झाली की माग थांबतो. पैठणीचं कौतुक होतं तेव्हा कॅमेरे विणणाऱ्याकडे वळतात. आम्ही या चित्रीकरणात बराच वेळ काकूंकडेच थांबलो.

(निवेदन नाही. चरख्याचा आवाज.)

पुन्हा गाळ्यात. लाल माती आणि पांढरी माती, दोन रंगांचे दोन बाणे. वाळताना, भाजताना माती आकसते, आणि प्रत्येक माती आपापल्या मापाने. दोघींचं माप जुळलं नाही तर तडा नेमका अडक्यात जातो. त्यासाठी आधी या छोट्या पट्ट्या: प्रत्येकीवर १० सेंटिमीटरची रेघ, भाजून झाल्यावर ती पुन्हा मोजायची. जी जास्त आकसते तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा मिसळायचा, पुन्हा भाजायचं, पुन्हा मोजायचं. सांध्यावर आधी ओरखडे, मग पातळ कालवलेली माती, मग अंगठ्याचा दाब.

भट्टी सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, पण घाई करून चालत नाही. ५७३ अंशांना मातीतले गारगोटीचे कण एकदम फुगतात, थंड होताना तिथेच आकसतात. तो टप्पा चढताना आणि उतरतानाही सावकाश ओलांडावा लागतो.

हे तयार शिल्प. चकाकी दिलेली नाही, अंगठ्यांचे ठसे दिसू दिलेत.

(निवेदन नाही. काकू शिल्पावरून हात फिरवतात.)

यंत्रमागावरच्या स्वस्त नकलांनी काकांचं गिऱ्हाईक घटलंय. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर कामगार नोंदले गेले, त्यांत सुमारे ७२ टक्के बायका. या शिल्पाच्या पाटीवर घडवणारी आणि विणणारा यांच्यासोबत कांडी भरणारीचंही नाव आहे. पैठणीच्या चिठ्ठीवरही ते छापलं जायला हवं.